आढी

अकरा.
मी दोनदा मोजली, एस्कोनं तिसऱ्यांदा,
आणि नियम म्हणून नाव मोठ्यानं वाचलं:
पिह्ला कोर्तेस्निएमी, वय एकोणीस.
दुपारचे अडीच. ओउलूत रस्त्यावरचे दिवे लागायला आले होते.

सोमवारी तिच्या शिरेतून औषध जाणार.
रक्ताचा आजार कुणासाठी थांबत नाही,
इंजेक्शनं घेत बारा दिवस अंडी वाढवायची
तर ते बारा दिवस आणायचे कुठून?
म्हणून जे होतं, जसं होतं, तेच घेतलं.
बीजकोशाच्या कापातून बशीत ओघळलेलं,
कच्चं.

काचेखाली प्रत्येकाच्या पोटात एक गोल खिडकी दिसते.
ती पुसली गेली
की समजायचं, पाडाला आलं.
तोवर हात लावायचा नाही.

आढी लावली मी. पेंढा नाही, गोणपाट नाही,
गुलाबी पाण्याचे थेंब आणि वर तेलाची साय,
सदतीस अंश.
सारखी उसकटली तर आढी नासते,
हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.
मावशी दलदलीतून हिल्ला वेचून आणायची,
बादलीच्या तळाला लालभडक, टणक दाणे निघायचे,
ती ते ओट्यावर पसरून ठेवायची
आणि माझ्या बोटांवर चमचा मारायची.
हिल्लाचं सगळं उलटंच.
कच्ची असताना लाल, पिकली की फिकटते,
जवळजवळ ओशाळते.

शनिवारी रात्री, तीस तासांनी, झाकण उघडलं.
पाच पिकली होती.
दोन काळवंडली.
चार तशीच, खिडकी शाबूत,
जणू कुणी हाकच मारली नव्हती.

मी फॉर्म काढला. पान सहा.
‘अपक्व राहिल्यास: टाकून द्यावीत / गोठवावीत.’
पिह्लानं दोन्हींवर काट मारली होती
आणि समासात, दवाखान्याच्या न उमटणाऱ्या पेनानं
गिरवून गिरवून लिहिलं होतं:
घाई मला आहे, त्यांना नाही.
एस्को म्हणाला, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

कच्ची गोठवलेली पुढे पिकतात का?
कधी. थोडी. मी कुणाला आकडा सांगत नाही.
पाणी बाहेर काढायचं, घट्ट पाक आत मुरवायचा,
आणि एका क्षणात थंडीत बुडवायचं, इतक्या झटकन
की बर्फाला सुया काढायला सवडच मिळू नये.
काच व्हायला हवी. बर्फ नको.
या गावात जन्मले, नदीवरून सायकल चालवत शाळेत गेले,
आणि बर्फाला भिते ती फक्त या खोलीत.

आधी पाच. मग दिवा जरा मंद करून
ती चारही.
नऊ काड्या. नऊ वेळा तेच नाव.
नायट्रोजन तव्यावर पाणी पडावं तसा चरचरला
आणि गप्प झाला.

कॉफीच्या यंत्रापाशी एक बाई, पायात दवाखान्याचे निळे मोजे.
विर्पी. पिह्लाची आई. आम्ही सहसा भेटत नाही आयांना.
‘किती थंड असतं तिथं?’
उणे एकशे शहाण्णव.
‘आमचा फ्रीझर अठरा. त्याचंही दार नीट लागत नाही,
पिह्ला त्याला खुर्ची टेकवून ठेवते.’
मग आठवल्यासारखं,
‘ठेवायची. ठेवते.’
दोन्ही शब्द तिनं तपासून पाहिले
आणि दुसरा ठेवून घेतला.

पिशवीतून आइस्क्रीमचा जुना डबा काढला.
झाकणावर चिकटपट्टी, ऑगस्टची तारीख, मुलीचं अक्षर.
‘यात थोडी कच्चीही आली आहेत. तिला दम नसतो.’

आम्हाला काही घेता येत नाही.
मी घेतला.

घरी खिडकीत बशी ठेवली आहे.
वितळताना लाल दाणे तळाशी गेले,
फिकट वर.
अजून एकही चाखला नाही. सोमवार आहे आज.